साबुदाना चालते का तुमच्यात?

दारू सोडली म्हणून वर्धा जिल्ह्यात कोणी तुमची पाठ थोपटत नाही. १९७५ पासून इथे दारूबंदी आहे. म्हणजे सरकारने ती आपल्या सर्वांच्या वतीने आधीच सोडलेली आहे. (ती कोणाला मिळत नाही, असं मी म्हटलेलं नाही. मी फक्त सोडण्याबद्दल बोलतो आहे.) त्यामुळे लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळ आला आणि पाळकसाहेबांनी वेदीवरून सांगितलं की, या चाळीस दिवसांत आपण काय सोडणार ते ज्याने त्याने प्रार्थनापूर्वक ठरवावं, की आमच्या मंडळीतल्या पुरुषवर्गाची पंचाईत होते. मुंबई-पुण्याकडच्या ख्रिस्ती माणसाला बाटलीला हात न लावल्याचं तरी पुण्य पदरात पाडून घेता येतं. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या पेल्यातसुद्धा मनुका उकळून गाळलेलं पाणी असतं.

मग उरतं मटण. पण मटण सोडल्याचं कौतुक व्हायला आजूबाजूला ते खाणारे तरी हवेत. आम्ही राहतो सिंदी मेघेत. गाव वर्धा शहराला इतकं चिकटलेलं, की शहर कुठे संपलं आणि सिंदी कुठे सुरू झाली हे ऑटोवाल्यालाही सांगता येत नाही. भाडं मात्र तो बरोबर हद्दीवरूनच वाढवतो. दहा-बारा किलोमीटरच्या टापूत एकीकडे सेवाग्राम, एकीकडे पवनार. त्याग करणाऱ्यांची एवढी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले आणि त्यांच्याबरोबर एकादश व्रतंही आली. त्यांत अस्वाद हे एक स्वतंत्र व्रत आहे. म्हणजे नुसतं कमी खायचं नाही, जे खाल ते चवीसाठी खायचं नाही. पवनारला विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं आणि शांतपणे देह ठेवला. अशा जिल्ह्यात ‘मी चाळीस दिवस मटण खात नाही’ असं सांगितलं, तर ऐकणारा माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो.

आमच्या शेजारच्या काकूंचा तर माझ्या उपासावर पहिल्यापासून विश्वास नाही. त्यांचे सोमवार, चतुर्थ्या, दोन्ही एकादश्या, महाशिवरात्र आणि नवरात्राचे नऊ दिवस असा भक्कम अनुभव आहे. लेंट ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार यंदा १८ फेब्रुवारीला होता. नुकतीच महाशिवरात्र होऊन गेलेली. काकू कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“भाऊ, तुमचे उपास सुरू झाले म्हंते. साबुदाना चालते का तुमच्यात?”

“चालतो, काकू.”

“अन् भगर?”

“तीही चालते.”

“शेंगदाने? आलू?”

“सगळं चालतं.”

“पोयी?”

“पोळीसुद्धा.”

काकू थांबल्या. “मंग चालत नाही काय?”

“तसं ठरवून दिलेलं काही नाही. ज्याने त्याने आपापलं ठरवायचं.”

“कोनी पाहाले येत नाही?”

“नाही.”

“अन् मोडला तं?”

“मोडला तर माफी मागायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचा.”

काकूंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. “हा उपास नोय भाऊ,” त्या म्हणाल्या, “हे तं डाक्टरनं सांगतलेलं पथ्य झालं.” आणि तरीसुद्धा पुढच्या एकादशीला त्यांच्याकडून साबुदाण्याची उसळ आली, वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर) पेरलेला, बाजूला लिंबाची फोड. माझ्या पथ्यात बसतं की नाही याची चौकशी न करता आलेली. मार्टिन ल्यूथरने कृपेबद्दल जे लिहून ठेवलं, ते मला त्या वाटीने पटकन समजावलं.

त्या दिवशी मी काकूंना आणखी एक गोष्ट सांगितली नाही. लेंट चाळीस दिवसांचा म्हणतात, पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर सेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार हिशेबात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. आता विदर्भात मटण कोणत्या वारी शिजतं, हे मी सांगायला नको. म्हणजे एरवी सोमवार ते शनिवार वरण-भात खाणाऱ्या आणि रविवारी मटण आणणाऱ्या माणसाने शास्त्राप्रमाणे लेंट पाळला, तर त्याच्या जेवणात काडीचा फरक पडत नाही. हा मुद्दा आमच्या मंडळीत दर वर्षी कोणीतरी दबक्या आवाजात काढतं आणि दर वर्षी महिला मंडळ तो हाणून पाडतं. तिथे शास्त्र चालत नाही; तिथे मटण कोण शिजवणार हा प्रश्न असतो.

राखेचंही आमच्याकडे एक वेगळंच आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, कपाळाला राख लावण्याचा रिवाज आमच्यात फारसा नाही. पण माझी आतेबहीण कॅथलिक घरात दिलेली आहे. त्या बुधवारी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन थेट नोकरीवर जाते. अमेरिकेत म्हणे अशा माणसाकडे लोक वळून पाहतात. वर्ध्यात तिला बसमध्ये एका बाईने एवढंच विचारलं, “कोन्त्या महादेवाले गेलती वो?”

प्रभू येशूने उपासाबद्दल सांगितलेली गोष्ट आम्ही सगळे तोंडपाठ म्हणू शकतो: उपास कराल तेव्हा चेहरा पाडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या चर्चमध्ये एखादा गृहस्थ चापूनचोपून तेल लावून, चकचकीत चेहऱ्याने हसत आला, की मागच्या बाकावर लगेच कुजबूज होते: “यांनी धरलेला दिसतो.”

पुन्हा अस्वादाच्या व्रताकडे येतो. सेवाग्रामच्या जेवणावर कुरकुर करणारा माझा आवडता माणूस म्हणजे लुई फिशर. हा अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर गांधीजींकडे पाहुणा होता. जूनमधलं सेवाग्राम काय असतं ते आम्हाला माहीत आहे, त्याला नव्हतं. त्याने त्यावर तोड काढली: पत्र्याच्या टबात पाणी भरलं, आत एक लाकडी खोकं ठेवून त्यावर बसला, बाहेर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर मांडला आणि पाण्यात बसल्या बसल्या गांधीजींच्या मुलाखती टाइप केल्या. (आमच्या कूलरपेक्षा हा उपाय सरस आहे; एकतर त्यात लाइट जाण्याचा प्रश्न येत नाही.) जेवायला मात्र रोज तीच उकडलेली, चेचलेली भाजी. तिसऱ्या दिवशी त्याने ती नको म्हटलं. गांधीजी म्हणाले, मीठ टाका, लिंबू पिळा. तो म्हणाला, म्हणजे तुम्हाला चव मारून टाकायला हवी आहे तर! आणि वर हेही ऐकवलं, की तुम्ही इतके अहिंसक, की चवीचाही जीव घ्यायचा नाही तुम्हाला. गांधीजी हसले. अस्वादाच्या व्रताची याहून बरी टीका नंतर कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

याच फिशरने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बापूंच्या मातीच्या भिंतीवर सजावट म्हणून एकच चित्र होतं, ते येशू ख्रिस्ताचं. आम्ही वर्ध्याचे ख्रिस्ती लोक बाहेरगावच्या पाहुण्यांना सेवाग्राम दाखवायला नेतो, तेव्हा हे सांगताना आमचा आवाज उगाचच जरा चढतो. जणू ते चित्र आमच्याच मंडळीने भेट दिलं होतं!

आता कुरकुरीबद्दल. यंदा मी मटणाबरोबर कुरकुर सोडायची असं घरात जाहीर केलं. हे सुचलं ते जुन्या करारावरून. इस्राएल लोक मिसरच्या गुलामगिरीतून सुटले, समुद्र कोरड्या पायांनी ओलांडला, आकाशातून रोज फुकट मान्ना पडू लागला, आणि गणना नावाच्या पुस्तकात आपण वाचतो की ही माणसं तंबूच्या दारात बसून रडत आहेत. कशासाठी? मिसर देशात मिळणारे मासे, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण यांच्या आठवणीने. चाबकाचे फटके विसरले, लसूण लक्षात राहिला. फिशर तिसऱ्या दिवशी कंटाळला, यांना तर तीच थाळी पुढे चाळीस वर्षं होती. मला त्यांच्याबद्दल थोडी सहानुभूतीच आहे. पण लेंटचे चाळीस दिवस ज्या चाळिसांवरून घेतले म्हणतात, त्यांत ही रानातली चाळीस वर्षंही येतात, तेव्हा सोडायचं तर हेच सोडावं, असं वाटलं.

नियम असा: जो कुरकुर करील त्याने लेंटच्या पाकिटात दहा रुपये टाकायचे. हे पाकीट चर्चमधूनच मिळतं. सोडलेल्या गोष्टीचे वाचलेले पैसे त्यात जमवायचे आणि ईस्टरला अर्पण करायचे. आमच्या चिरंजीवांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्याने स्वतः रील्स सोडल्या होत्या, त्यामुळे वेळ भरपूर होता.

खरी अडचण कायद्याच्या कलमांत निघाली. “आज ऊन फार आहे” ही कुरकुर की हवामान? न्यायाधीशांनी निकाल दिला: तापमान सांगितलं तर माहिती, सुस्कारा टाकला तर कुरकुर. त्यानंतर घरातली सगळी माणसं आकाशवाणीच्या सुरात बोलू लागली. “पाण्याची मोटर जळालेली आहे,” असं आमची ही शांतपणे, बातम्या दिल्यागत सांगायची. आईचं म्हणणं वेगळंच. ती म्हणाली, “मी कुरकुर करत नाही बाबा. मी फक्त सांगते.” आणि मग सांगत राहिली: गुडघ्याचं, नळाचं, समोरच्यांच्या कुत्र्याचं, उपासना संपल्यावर हस्तांदोलन न करता निघून जाणाऱ्या नव्या पोरांचं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दंड करायचा की नाही, यावर न्यायालय विभागलं गेलं. शेवटी तिला पेन्शनरांची सवलत मिळाली: दिवसाला तीन मोफत.

पण आईचा यंदाचा मोठा पराक्रम हा नव्हे. तिने चहा सोडला. साठ वर्षं पहाटे साडेपाचला पहिला कप घेणाऱ्या बाईने चहा सोडला, की घरात काय होतं याची नोंद कुठल्याच संतचरित्रात सापडायची नाही. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखू लागलं. चौथ्या दिवशी आमचं. ती काही बोलायची नाही. नुसती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमच्या कपांकडे पाहायची. चहा आम्ही पीत होतो, क्रूस ती वाहत होती आणि अपराधी आम्हाला वाटत होतं. गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या खास बिस्किटांचा, डबा कपाटात मागे ढकलला गेला. चहाशिवाय तो खायचा कसा? वर्धेकराला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. पाळकसाहेब घरभेटीला आले, त्यांनी आईची तारीफ केली आणि चहा नको म्हणाले. तेव्हा आईनेच त्यांना दटावलं, “उपास माझा आहे. तुम्ही प्या.” त्यांनी दोन कप घेतले.

धर्माच्या बाबतीत हसावं की नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढावीत. त्यांचे पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या बाईने जे सोसलं, ते सांगतानाही तिचं हसू सुटत नाही आणि विश्वासही ढळत नाही. मराठी ख्रिस्ती घरात हसण्याची परवानगी तिने केव्हाच काढून ठेवली आहे.

कुरकुर थांबवली की ती जागा रिकामी राहते. म्हणून रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत प्रत्येकाने एका तरी गोष्टीबद्दल उपकार मानायचे असं ठरलं, आणि आधी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची नाही. सुरुवात थाटात झाली. आरोग्य, अन्न, वस्त्र, निवारा, तारण. आठवड्याभरात मोठा माल संपला. मग किरकोळ विक्री सुरू झाली: गॅस सिलिंडर पाहुणे गेल्यावर संपला, सेवाग्राम स्टेशनवर गाडी चुकता चुकता मिळाली, दाढदुखी आपोआप थांबली. आई रोज “सगळ्यासाठीच उपकार मानते, प्रभू” एवढंच म्हणायची, त्यावर चिरंजीवांनी हरकत घेतली की ही ठोक पावती चालणार नाही, बाबवार द्या. तेव्हा आई जरा थांबली आणि म्हणाली, “आज दुपारी लाइट गेली होती, त्या वेळी तुझ्या आजोबांचा आवाज आठवला. बरेच दिवस आठवत नव्हता. त्याबद्दल.” त्या रात्री नंतर कोणी हरकत घेतली नाही.

एकदा काकू दही मागायला आल्या त्या प्रार्थनेच्या वेळी. शेवटपर्यंत पदर घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि आमेन झाल्यावर म्हणाल्या, “माह्या गुडघ्याचं बी टाका ना त्याच्यात. देवाले काय, एकच यादी.”

चर्चमधली उपकारस्तुती हा मात्र वेगळा प्रकार आहे. आभाराची पाकिटं येतात आणि खजिनदार ती वाचून दाखवतात. मुलगी बारावी पास, एकशे एक. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, पाचशे एक. अपघातातून वाचलो, दोनशे एक. (लग्नाला अपघातापेक्षा तीनशे जास्त, यावर दर वेळी कोणीतरी खोकतं.) मग येतं: “एक भगिनी, नाव सांगू इच्छित नाहीत, एक हजार.” आणि सगळी मंडळी एकजात डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळून पाहते.

आमचे खजिनदार पैशाच्या बाबतीत भयंकर काटेकोर, आणि त्यांचं दैवत म्हणजे जे. सी. कुमारप्पा. वर्ध्याच्या शाळेतल्या पोरांना मगनवाडी आणि मगन संग्रहालय माहीत असतं, पण तिथे ग्रामोद्योग संघाचा गाडा ओढणारा हा माणूस तंजावरकडचा ख्रिस्ती, लंडनमध्ये शिकलेला हिशेबतपासनीस, हे फारसं कोणी सांगत नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतकार्याचे पैसे त्यांच्या हाती होते. कार्यकर्त्याच्या जेवणाला त्यांनी दिवसाला तीन आणे ठरवले. गांधीजी आपल्या माणसांसह तिथे गेले, तेव्हा कुमारप्पांनी त्यांचे सचिव महादेवभाई देसाईंना सांगितलं, की तुमच्या मंडळींचं दूध-फळं आणि मोटारीचं पेट्रोल या निधीतून निघणार नाही, तुमचं तुम्ही पाहा. गांधीजींना पेट्रोल नाकारणारा माणूस! पुढे तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. ते १९४५ मध्ये छापून आलं आणि गांधीजींनी त्याला प्रस्तावना देताना लेखकाला थट्टेने डॉक्टरच्या पदव्याही बहाल केल्या. कुमारप्पा गेले ते ३० जानेवारीला, १९६० साली. आमच्या वार्षिक सभेत कोणी चहा-नाश्त्याच्या खर्चाला मंजुरी मागितली, की खजिनदार चष्म्यावरून पाहत एवढंच म्हणतात: “तीन आणे.”

उपकार मानण्यावरचा हमखास उतारा म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी. दहा बरे झाले, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. हा उतारा आमच्या जिल्ह्यात वाचला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गालीलच्या वाटेवरचं गाव येत नाही, दत्तपूर येतं. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, तेव्हा त्या माणसांना गावात पाणी भरू देत नव्हते. सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, अंगावर हा रोग. गांधीजी त्यांना स्वतःच्या हातांनी मालिश करत. त्यांची कुटी आजही तिथे आहे. बाबा आमटेही मूळ आमच्याच जिल्ह्यातले, हिंगणघाटचे.

म्हणून आमच्याकडे त्या न परतलेल्या नऊ जणांवर कोणी फार जोरात टीका केली की मला ते रुचत नाही. वर्षानुवर्षं गावाबाहेर दुरून ओरडत राहिलेला माणूस एकाएकी बरा होतो. तो आधी कुठे धावेल? घरी. पोरं केवढी झाली ते पाहायला. बायको ओळखते का ते पाहायला. याजकाला जाऊन दाखवा असं प्रभूनेच सांगितलं होतं, तेही त्यांना करायचं होतं. प्रभूने “बाकीचे नऊ कुठे आहेत?” असं विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. आभाराचं पाकीट आलं नाही म्हणून खजिनदारांकडून त्यांना नोटीस गेली नाही. यंदा पाळकसाहेबांनी नेमका हाच उतारा घेतला आणि नऊ जणांना चांगलं धारेवर धरलं. बाहेर आल्यावर आई त्यांना म्हणाली, “पाळकसाहेब, ते नऊ घरी जाऊन जेवले असतील हो. आणि जेवताना त्यांनी आभार मानलेच नसतील, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” ही कुरकुर नव्हती. ती फक्त सांगत होती.

झावळ्यांचा रविवार म्हणजे आमच्या गावाचा हक्काचा दिवस. यरुशलेमात लोकांनी खजुराच्या झावळ्या घेतल्या. आमच्याकडे त्या खजुराचीच सख्खी बहीण, नाल्याकाठची सिंदी. शनिवारी संध्याकाळी तरुण संघ कोयते घेऊन निघतो आणि हातांवर ओरखडे घेऊन परततो, कारण सिंदीच्या झावळीच्या बुडाशी जे काटे असतात ते बोटभर लांब आणि सुईपेक्षा टोकदार. पवित्र आठवड्याची सुरुवात अशी रक्तानेच होते. सकाळी ‘होसान्ना’च्या गजरात मिरवणूक, पोरांची एकमेकांना टोचाटोची, आणि उपासना संपल्यावर आमच्या घरी आलेल्या झावळीकडे पाहून काकूंचा प्रश्न: “टाकता काय? फडा होते त्याचा.” पुढच्या वर्षापर्यंत ती जपून ठेवायची असते, हे मी सांगेपर्यंत अर्धी झावळ भिंतीपलीकडे गेलेली असते. पलीकडचं अंगण त्या आठवड्यात फार स्वच्छ असतं.

सिंदीचा आणखी एक घोटाळा आहे. आमच्याच जिल्ह्यात नागपूरच्या वाटेवर दुसरी सिंदी आहे, सिंदी रेल्वे. दर दोन-तीन वर्षांनी एखादा पाहुणा वक्ता तिथे उतरतो आणि फोन करतो, “मी पोहोचलो, घ्यायला कोणी आलेलं दिसत नाही.” गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चुकीच्या सिंदीला उतरलेल्या पाहुण्याला मग पहिल्याऐवजी सातवा उद्गार मिळतो. पाचवा उद्गार तहानेचा. एप्रिलच्या दुपारी, भरल्या चर्चमध्ये, वर्ध्यात, त्या उद्गारावर कोणी काही समजावून सांगायची गरज नसते. वक्त्यासमोर स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलेलं असतं. तो मधेच थांबून एक घोट घेतो आणि शेकडो डोळे त्या पेल्याबरोबर वर जातात आणि खाली येतात. माझ्या मते सातही प्रवचनांत सर्वांत एकाग्र क्षण तो.

आणि हे सगळं ठरतं चंद्रावर. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणजे ती पौर्णिमा बहुतेक वेळा एकतर होळीची, नाहीतर हनुमान जयंतीची. २०२४ मध्ये धुळवड आमच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी पडली. त्याच वर्षी राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला आला होता, आणि तरुण संघाला चॉकलेट सोडायचं की द्यायचं हे ठरवता आलं नव्हतं. यंदा हनुमान जयंती आली २ एप्रिलला, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या गुरुवारी. संध्याकाळी आम्ही गंभीर चेहऱ्यांनी चर्चला निघालो, तर चौकात महाप्रसादाची पंगत बसलेली. ओळखीच्या पोरांनी हाताला धरून बसवलं: “भाऊ, खाल्ल्याशिवाय नाही जायाचं.” त्यात यंदाचा रमजानही लेंटबरोबरच, एक-दोन दिवसांच्या फरकाने सुरू झालेला. आमचे शिलाईवाले चाचा दिवसभर पाण्याचा थेंब न घेता मशीन चालवत होते. त्यांच्यापुढे मी मटणाचा विषय काढला नाही.

ईस्टरच्या पहाटे पाचला आम्ही कबरस्तानात जमलो. दिवसातली ती एकच वेळ, जेव्हा एप्रिलमध्येही वर्ध्याची हवा गार असते. गीतं झाली, दिवस उजाडला, तर्री-पोहे झाले. लेंटचं पाकीट अर्पण केलं. आमच्या घराचं पाकीट मंडळीत सर्वांत जाड निघालं आणि खजिनदारांनी आमच्या त्यागाची जाहीर स्तुती केली. ते पैसे कशाचे होते, हे सांगायला चिरंजीव उभे राहत होते. हिने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. आई घरी येऊन पहिला कप प्यायली आणि म्हणाली, पूड बदललेली दिसते.

२०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. वाचकांपैकी कोणाला काही सोडून पाहायचं असेल, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, तर खुशाल सोडावं: मटण, मोबाइल, गोड, राग, जे जमेल ते. फक्त घरात वडीलधारं माणूस असेल तर त्यांना चहा सोडू देऊ नका.